एकटा अणु

गेल्या पावसाळ्यांत रिसोड तालुक्यांतील आमच्या शेतावर आम्ही गेलों होतों. सोयाबीनवर फवारणी झाल्यावर कोणीं तरी औषधाचा डबा नाल्यांतच विसळला होता. पाणी दुधाळ झालें होतें. बैल कांठापर्यंत गेले आणि न पितां परतले. आजोबा एवढेंच म्हणाले, "आज जनावरांस विहिरीवर न्या." हा नाला पुढें पैनगंगेस मिळतो, हें आम्हांस ठाऊक होतें, त्यांतलें विष कोठें मिळतें, याचा विचार मात्र कधीं केला नव्हता.

पुढें शाळेंत बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्याचा प्रयोग झाला. फोड एकदम फेसाळली! गुरुजींनीं सांगितलें कीं, बटाट्यांत कॅटलेज नांवाचें द्रव्य असतें. त्याच्या प्रत्येक रेणूंत लोखंडाचे चार अणु, पण प्रत्येक आपापल्या जागीं एकटा. ते पेरॉक्साइडचें पाणी व प्राणवायु करितात आणि स्वतः खर्ची पडत नाहींत. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

माणसानें ही युक्ति फार उशिरां साधली. धातूच्या कणांत पृष्ठभागावरचेच अणु राबतात, आंतले रिकामे बसतात. प्लॅटिनमसारख्या महाग धातूंत हें कसें परवडावें? २०११ सालीं चीनमधील दालियन येथील संशोधकांनीं लोहाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे अणु बसविले व कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचें रूपांतर घडवून आणिलें. पुढें इतरांनीं लोखंडाचा एकेक अणु कार्बनमध्यें नायट्रोजनच्या अणूंनीं जखडून ठेविला. असे अणु पेरॉक्साइडला चेतवितात आणि पाण्यांतील रंगांचे व कीटकनाशकांचे रेणु तुटूं लागतात. जखडले नाहींत तर अणु एकमेकांस चिकटून त्यांचा गोळा होतो. (वर्गांत आम्हांसहि वेगवेगळ्या बाकांवर कां बसवितात, तें तेव्हां उमगलें.)

आम्हीं लागलीच नाल्यासाठीं ती भुकटी मागितली. गुरुजी हंसले. वाहत्या पाण्यांत ती टिकेल कशी? पेरॉक्साइड रोज कोण ओतणार? शिवाय रेणु अर्धाच तुटला, तर उरलेला तुकडा निर्विष असेलच असें नाहीं. पेल्यांत साधलेलें नाल्यांत साधावयास अजून पुष्कळ अवकाश आहे, असें ते म्हणाले. आम्ही हिरमुसलों खरे.

दिवाळीच्या सुटींत तुरीवर फवारणी होती. काकांनीं डबा तीनदां विसळला आणि तें पाणी पंपांतच ओतलें. आम्ही जवळ उभे राहून मोजीत होतों. बैल मात्र अजून विहिरीवरच जातात.