रूळ उचललेली वाट

2023 च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरी मुलाकडे गेलो होतो. एका संध्याकाळी जेवताना त्याने सहज विचारले, ‘‘पप्पा, ममी, चार दिवस सुट्टी आहे. सायकलवरून डोंगरात फिरून यायचे का?’’ आम्ही दोघेही गप्प राहिलो. त्या साध्या प्रश्नाला आमच्या घरात बारा वर्षांचा इतिहास होता.

वसईच्या आमच्या पट्ट्यात एके काळी सायकलीवाचून घर नसे. भाजीच्या पाट्या, फुलांचे करंडे, दुधाचे कॅन, शाळकरी मुले, सारे काही सायकलवरून जाई. आम्ही दोघेही पेशाने शिक्षक. आमची ओळख झाली तीसुद्धा शाळेच्या वाटेवर, एकीच्या सायकलची चेन पडली म्हणून दुसरा थांबला तेव्हा. पुढे रस्ते डांबरी झाले, रुंद झाले, आणि त्या रुंद रस्त्यांवर सायकलीला मात्र जागा उरली नाही. 2011 साली एका संध्याकाळी आमच्यापैकी एकीला मागून आलेल्या टेम्पोचा धक्का लागला. मांडीचे हाड मोडले, आत सळई घालावी लागली, आठ महिने अंथरुणात आणि कुबड्यांवर गेले. ‘रिक्षा कशाला? सायकलनेच जा,’ असे त्या संध्याकाळी आमच्यातील दुसऱ्याने म्हटले होते. त्यानेच पुढे घरातल्या दोन्ही सायकली भंगारवाल्याच्या स्वाधीन केल्या. त्या विषयावर त्यानंतर आमच्यात कधी बोलणे झाले नाही.

मुलाला यातले निम्मे ठाऊक होते. तो म्हणाला, ‘‘त्या वाटेवर मोटार नाही, ट्रक नाही, टेम्पो नाही. एकदा पाहा तर खरे.’’

एलरॉय आणि स्पार्टा या दोन गावांना जोडणारी ही वाट 32 मैलांची, म्हणजे सुमारे 51 किलोमीटरांची आहे. मुळात हा लोहमार्ग. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीच्या गाड्या येथून धावत. महामार्ग वाढले, माल ट्रकने जाऊ लागला आणि 1964 मध्ये हा मार्ग बंद पडला. विस्कॉन्सिन राज्याने ती पट्टी विकत घेतली, तिच्यावर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली आणि 1967 मध्ये ती सायकलस्वारांना व पादचाऱ्यांना खुली केली. जुन्या लोहमार्गाची अशी वाट करण्याचा अमेरिकेतील हा पहिला प्रयोग मानला जातो. ज्या मोटारींनी रेल्वे बंद पाडली, त्याच मोटारींपासून सुटका देणारी वाट तिच्या जागी तयार व्हावी, याचे आम्हांला मोठे नवल वाटले.

हा मुलूख डोंगराळ आहे. हिमयुगात भोवतालचा प्रदेश बर्फाच्या प्रचंड थरांखाली रगडून सपाट झाला. एवढा भाग तेवढा त्या हिमनद्यांच्या तडाख्यातून सुटला. म्हणून येथील टेकड्या उभ्या, दऱ्या अरुंद आणि उतार दाट झाडीचे. आम्ही गेलो तेव्हा मेपलची झाडे लाल-केशरी झाली होती आणि ओकची पाने तांबूस पडू लागली होती.

केंडल या गावी जुन्या रेल्वे स्थानकाची इमारत अजून उभी आहे. या वाटेचे कार्यालय तेथेच आहे. तेथे प्रवेशपत्रे घेतली. मुलाने भाड्याने आणलेल्या सायकली आमच्या काळ्या, जाड दांड्याच्या सायकलींहून हलक्या होत्या, पण टायर चांगले रुंद. खडीवर टायरात हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे चाक घसरत नाही आणि हाडांना हादरा बसत नाही, असे त्याने सांगितले. आमच्यातील एकीने हँडल धरले, पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. असे तीनदा झाले. चौथ्या खेपेला ती निघाली. दुसरा मागे राहिला. तिला मागून येणाऱ्या चाकाचा आवाज नको, म्हणून बराच मागे.

पहिल्या दिवशी विल्टनपर्यंत सुमारे 15 किलोमीटर जायचे होते. टेकड्या दोन्ही अंगांनी चढत होत्या, आमची वाट मात्र जवळजवळ सपाट वाटत होती. चढ डोळ्यांना दिसत नव्हता. पायांना तेवढा कळत होता. त्याचे कारण रेल्वेतच आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड फार थोडी असते, म्हणून आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही. आमच्या बोरघाटात 37 फुटांमागे एक फूट असा चढ आहे, तर त्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडलेली आपण पाहिली आहेत. असा प्रसंग येऊ नये म्हणून रेल्वे बांधणारे डोंगर कापतात, दरीत भराव घालतात आणि कापणे जमले नाही तर बोगदा खणतात. येथे हे सारे हाल मजुरांनी दीडशे वर्षांपूर्वी सोसले, आणि त्याचा लाभ आज साठी ओलांडलेल्या आमच्या गुडघ्यांना मिळत होता. 1863 साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गापायी हजारो मजूर मेले, त्यांची आठवण आम्हांला त्या परक्या डोंगरात झाली.

वाटेत कुठे कुठे गावरस्ता आडवा येई. तेथे थांबायचे, दोन्हीकडे पाहायचे आणि पलीकडे जायचे. एका ठिकाणी आमिश पंथीयांची घोडागाडी टापांचा आवाज करीत समोरून गेली. एरवी खडीची करकर आणि पानांची सळसळ, एवढेच ऐकू येई. विल्टनला पोहोचलो तेव्हा दुखऱ्या पायाने तक्रार केली होती, पण तिच्या चेहऱ्यावर ती नव्हती.

या वाटेवर 1873 मध्ये बांधलेले तीन बोगदे आहेत. दोन पाव-पाव मैलाचे. तिसरा, नॉरवॉकच्या पुढचा, 3,810 फुटांचा, म्हणजे एक किलोमीटरहून अधिक. त्यांच्या तोंडांशी प्रचंड लाकडी दरवाजे आहेत. हिवाळ्यात आत पाणी गोठून दगड फुटू नये म्हणून ते लावून ठेवीत आणि गाडी येण्याच्या वेळी रखवालदार उघडी. बोगद्यात सायकल चालवायची नाही, हातात धरून चालत जायचे, असा नियम आहे. आत दिवा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिसऱ्या बोगद्यात शिरलो. मुलगा मोटार घेऊन स्पार्टाला पुढे गेला होता. थंडगार हवा, छतातून टपटपणारे पाणी आणि विजेरीच्या उजेडाचे एक लहानसे वर्तुळ. काही पावलांवर मागून आवाज आला, चाकांचा आणि माणसांचा. आमच्यातील एकीचे पाय जागच्या जागी थिजले. एक कुटुंब हलकेच नमस्काराचे दोन शब्द बोलून बाजूने पुढे निघून गेले. त्यांचा उजेड दूर जाईपर्यंत आम्ही भिंतीला लागून उभे होतो.

‘‘घाबरलीस? माझेच चुकले,’’ आमच्यातील दुसरा म्हणाला. ‘‘तेव्हाही माझेच चुकले होते. मी तुला रिक्षाने जाऊ द्यायला हवे होते.’’

बारा वर्षांनी ते वाक्य बाहेर पडले. अंधारात चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा.

थोड्या वेळाने उत्तर आले, ‘‘अहो, तुम्ही म्हणालात म्हणून मी गेले असे वाटते का तुम्हांला? तुम्ही काही बोलला नसतात तरी मी सायकलच काढली असती. मला आवडायची. तुम्ही ती भंगारात दिलीत तेव्हा मला विचारलेसुद्धा नाही.’’

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. ज्याला एकाने प्रायश्चित्त मानले, ती दुसरीला शिक्षा झाली होती. पाय मोडला तो टेम्पोने. सायकल गेली ती आमच्या मौनाने. उरलेला बोगदा आम्ही न बोलता चाललो, पण ते न बोलणे पूर्वीचे नव्हते. बाहेर आलो तेव्हा उन्हाने डोळे दिपले. पुढे स्पार्टाकडे उतार लागला. आमच्यातील एकीने पेडल मारणे थांबवले आणि चाकांना आपल्या मर्जीने जाऊ दिले. दुसऱ्याला तिला गाठता आले नाही.

आमच्या गावी अशी रेल्वेने सोडलेली वाट नाही, आणि लवकर मिळेल असेही वाटत नाही. पण विस्कॉन्सिनमध्येही ती आपोआप झाली नव्हती. रूळ उचलल्यावर ती जमीन तुकड्यांनी विकता आली असती; चालणाऱ्याला आणि सायकलवाल्यालाही जागा लागते, असा निर्णय कुणीतरी घेतला. आमच्याकडे रस्ता रुंद करताना हा विचार एका ओळीपुरताही का होत नाही, हे आम्ही आता जेथे संधी मिळेल तेथे विचारतो.

परत आल्यावर आम्ही दोन जुन्या सायकली घेतल्या. रविवारी पहाटे, वाहने जागी होण्यापूर्वी, समुद्राकडे जाऊन येतो. सातच्या आत घरी परतावे लागते. सुरूच्या बनापर्यंत पुढची सायकल तिची असते.