दोन फुटांना एक इंच

आम्ही म्हणजे दोघे, नवरा-बायको. एकाने पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मराठी शिकवले, दुसरीने जवळपास तितकीच वर्षे गावातल्या बायकांचे कपडे शिवले. श्रीवर्धन तालुक्यात खाडीकाठी आमचे घर. दोन्ही घराण्यांत बोटीवर गेलेली माणसे मोजायला बसलो तर हाताची बोटे पुरायची नाहीत. एकाचे आजोबा सुखाणी, दुसरीचे वडील इंजिनात तेलवाले. तरी होडी कशी उभी राहते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या लोकांनी जहाजे चालवली, ती बांधण्याचे हुन्नर बहुतेक दुसऱ्यांच्या हातात राहिले.

आमचा मुलगाही बोटीवरच आहे. बॉस्टनच्या बंदरात त्याचे जहाज लागले होते तेव्हा त्याने तिथून एक खोका घेतला आणि सुट्टीवर येताना आणला. आत पातळ लाकडाच्या फळ्या, कापलेल्या फासळ्या, काड्या आणि इंग्रजी माहितीपुस्तक. जोडायचे आपण. ‘नवशिक्यांसाठी’ असे वर छापलेले. म्हणाला, “अब्बा, तुम्ही रिटायर झालात. अम्मी, तुझे डोळे अजून सुईत दोरा ओवतात. दोघं मिळून करा.” फेब्रुवारी २०२० मध्ये तो सहा महिन्यांच्या करारावर परत गेला. खोका कपाटावर गेला.

मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. मशीद बंद, बाजार बंद, मशीनवर कपडा नाही. रमजान आला तो घरातल्या तरावीहचा. रोजाचे दिवस लांब आणि रिकामे. तेव्हा खोका खाली काढला.

त्यात जी होडी होती तिला ‘डोरी’ म्हणतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळ्यांची ती होडी. तळ सपाट, बाजू बाहेर झुकलेल्या, नाळ टोकदार आणि मागची फळी इतकी अरुंद की तिथले लोक तिला थडग्यावरच्या दगडाचे नाव देतात. हे नाव वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि पुढचे पान उलटले. मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरी गावी लॉवेल घराण्याचा होड्या बांधण्याचा कारखाना १७९३ साली सुरू झाला, तो आजही आहे. तिथे अशा डोऱ्या हजारोंनी बांधल्या गेल्या. ग्लॉस्टरची शिडाची जहाजे न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर कॉड मासळीसाठी जात, तेव्हा डेकवर या डोऱ्या एकात एक बसवलेल्या असत. आपल्याकडे पातेली ठेवतात तशा! त्यासाठी बसायच्या फळ्या सुट्या ठेवत. मासळीच्या जागी पोचले की एकेक डोरी खाली सोडायची, दोन माणसे त्यात बसायची आणि लांबच लांब दोरीला गळ लावून टाकत जायची. धुके उतरले की जहाज दिसेनासे व्हायचे. किती डोऱ्या अशा परतल्याच नाहीत.

आमची डोरी दोन फुटांना एक इंच या मापाची. अठरा फुटांची होडी नऊ इंचांत.

काम उलटे सुरू होते. एका पाटावर फासळ्या उभ्या करायच्या, त्यावर तळाची फळी पालथी बसवायची, मग नाळ आणि मागची फळी. सांगाडा सरळ आहे की नाही हे पुन्हा पुन्हा पाहायचे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून. फळ्या लेझरने कापलेल्या असल्याने कडा जळून काळ्या झालेल्या होत्या. ती काळी कड पॉलिश पेपरने घासावी लागते, नाहीतर डिंक नीट धरत नाही. पण जास्त घासले तर माप जाते. आमच्यातल्या मास्तराला हे घासकाम आवडले. उत्तरपत्रिका तपासण्याची सवय कामी आली म्हणायची.

बाजूच्या फळ्यांपाशी आल्यावर मात्र मास्तर मागे आणि शिवणारी पुढे. टेबलावर ठेवलेली फळी केळ्यासारखी वाकडी दिसते. मास्तरांना वाटले, कापणाऱ्याने चूक केली. शिवणारीने फळी हातात घेतली, सांगाड्यावर धरली आणि म्हणाली, “अहो, ही बाही आहे. बाही कापताना कापड कधी सरळ असतं का? खांद्यावर चढली की सरळ दिसते.” आणि खरोखरच ती वाकडी फळी होडीच्या अंगावर बसल्यावर तिची रेघ नाळेपासून मागपर्यंत एकसारखी वाहत गेली. सपाट गोष्टीने गोल अंग झाकायचे तर तिला आधी वाकडे कापावे लागते. हे इंग्रजी पुस्तकात दोन पानांत सांगितले होते, आमच्याकडे एका वाक्यात झाले.

फळी कोमट पाण्यात भिजवायची, मऊ झाली की वाकवून कपड्यांच्या चिमट्यांनी धरायची आणि वाळू द्यायची. मगच डिंक. वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढते, घराच्या कौलांसारखी. ती चढती कड तिरकी तासावी लागते आणि टोकांकडे दोन्ही फळ्या एकाच पातळीत आणाव्या लागतात. दोन दिवसांत एक फळी हा आमचा वेग. घाई करणाऱ्या माणसाने या धंद्यात पडू नये.

या दिवसांत मास्तरांनी वाचून एक गोष्ट काढली. पूर्वी आपल्या या समुद्रात खिळ्यांशिवाय जहाजे बांधत, फळ्यांना भोके पाडून काथ्याने शिवत. इब्न बतूताने चौदाव्या शतकात लिहून ठेवले आहे की हिंदुस्थान आणि यमनची जहाजे काथ्याने शिवलेली असतात. लोखंडी खिळे मारलेली फळी खडकावर आपटली की फुटते, शिवलेली थोडी लवते. १९८० साली ओमानमध्ये सूर गावी ‘सोहार’ नावाचे एक जहाज मुद्दाम त्याच रीतीने बांधले आणि ते चीनमधल्या कँटनपर्यंत गेले. “म्हणजे दर्जींचा धंदा होता तर!” शिवणारीने एवढेच म्हटले, पण त्या दिवशी तिने इफ्तारला गोडाचे केले. मास्तर मग शब्दांच्या मागे लागले. सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून, नाखवा फारसी ‘नाखुदा’वरून, खलाशी, जहाज, बंदर, सारंग... कोकणी हिंदू नाखवा आणि कोकणी मुसलमान सुखाणी दोघे हेच शब्द बोलतात. हे शब्द कोणी कोणाकडून घेतले यावर भांडायला समुद्रावर वेळ नसतो.

३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्याच बाजूला जमिनीवर आले. दुपारी दोन तासांत वाडीतली पोफळीची झाडे आडवी झाली. रोठा सुपारीची बाग उभी करायला किती वर्षे लागतात ते श्रीवर्धनकरांना विचारावे. आमची अर्धी कौले उडाली, पाणी टेबलावर पडले. पाट, सांगाडा, बसवलेल्या तीन फळ्या सगळे चिंब. शेजारचे मामू पंचाहत्तरीचे, उमेदीत तांडेल होते. स्वतःच्या छपराचे बघून ते आमच्याकडे आले. होडी हातात घेऊन म्हणाले, “उन्हात ठेवू नका. सावलीत पालथी ठेवा, वर वजन द्या. होडी आहे, पाण्याला काय घाबरते?” आठ दिवसांनी ती वाळली. पाट मुरडला होता, होडी मात्र सरळ राहिली.

वीज महिनाभर नव्हती. कंदिलाच्या उजेडात काम करायचे म्हणून दिवसाच करायचो. फोन चार्ज करायला तालुक्याला जावे लागे. ऑगस्ट आला. मुलाचा करार संपला, पण तो उतरला नाही. बंदरे खलाशांना उतरू देईनात, विमाने बंद, बदली माणूस यायला तयार असून येऊ शकेना. तो एकटा नव्हता. त्या वर्षाच्या शेवटी जगभरात सुमारे ४ लाख दर्यावर्दी असे जहाजांवर अडकले असल्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. आपल्या घरातले धान्य, तेल, औषधे त्याच माणसांनी पोचवली. टाळ्या दुसऱ्यांसाठी वाजल्या. वाजवाव्यात, पण यांचे नाव कोणी घेतले नाही.

किनाऱ्याजवळ आला की त्याचा फोन यायचा. आवाजात थकवा असायचा. आम्ही त्याला होडीचे सांगायचो. दुसरे सांगण्यासारखे काय होते?

एका रात्री मास्तर हॉवर्ड ब्लॅकबर्नची हकिगत वाचून दाखवत होते. जानेवारी १८८३, ग्लॉस्टरचा हा कोळी सोबत्यासह डोरीत असताना वादळात जहाजापासून तुटला. सोबती थंडीने मेला. हात गोठणार हे कळल्यावर ब्लॅकबर्नने बोटे वल्ह्याभोवती वळवून ठेवली, म्हणजे गोठली तरी वल्हे धरता यावे. तो वल्हवत न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लागला. सगळी बोटे गेली. इथे शिवणारी उठली. “बस करा. पोरगा घरी येईतो हे पुस्तक उघडायचं नाही.” पुस्तक कपाटावर गेले. त्यामुळे पुढचा भाग आम्हाला फार उशिरा कळला. बोटे नसलेल्या त्याच माणसाने १८९९ साली एकट्याने शिडाच्या होडीतून अटलांटिक पार केला आणि १९०१ साली पुन्हा एकदा.

राहिली होती ती वल्ही. खोक्यात त्यासाठी नुसत्या चौकोनी काड्या होत्या. दांडा गोल करायचा, पाते पातळ करायचे, मुठीजवळ बारीक. एका वल्ह्याला चार-पाच दिवस. पुस्तकावर बंदी असल्याने आम्ही मामूंना विचारले. त्यांना जवळचे दिसत नाही. त्यांनी काडी बोटांत फिरवली आणि सांगितले कुठे जाड आहे. चारही वल्ही त्यांच्या बोटांनी तपासून झाली. ती काम करताना आम्ही दोघे फारसे बोलत नव्हतो. फजरनंतर एक दुआ ठरलेली होती, ती मोठ्याने मागायची गरज नव्हती.

जानेवारी २०२१ मध्ये तो आला. अकरा महिने झाले होते. दाढी वाढलेली, वजन उतरलेले. जेवला आणि बारा तास झोपला. उठल्यावर अम्मीने चहा दिला, अब्बांनी होडी समोर ठेवली. त्याने ती डोळ्यांच्या रेषेत धरली, नाळेकडून पाहिली, मागून पाहिली, बसायच्या फळ्या काढून पुन्हा बसवल्या. मग म्हणाला, “सगळं आहे. पाणी उपसायचं भांडं कुठाय?”

खोक्यात ते नव्हते. शिवणारीने तिच्या डब्यातले एक जुने पितळी अंगुस्तान काढून होडीत ठेवले. मापाने ते जरा मोठे आहे. तिथेच आहे अजून.