आखडता हात

बायपासच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ खाटेजवळ येतो, तोवर नातेवाइकांचे बहुतेक प्रश्न सर्जनला विचारून झालेले असतात. भूलतज्ज्ञाच्या वाट्याला एकच उरतो: "शुद्ध येईल ना?" येते. ती कधी येते आणि आल्यावर माणूस ताळ्यावर असतो का, हे प्रश्न जास्त अवघड आहेत.

भूल देण्याच्या विद्येचा हात सैल सुटला तो १९६९च्या सुमारास. बॉस्टनमध्ये लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मॉर्फिन भरघोस दिलं तरी अधू हृदय कोसळत नाही. मोबदल्यात रुग्ण रात्रभर व्हेंटिलेटरवर. पुढे मॉर्फिनच्याच जातीचं फेंटानिल आलं, डोसांची ऐट मात्र तशीच राहिली. आता डोस बेताचा असतो, अनेक ठिकाणी जोडीला छातीच्या नसांचा ब्लॉक असतो, आणि सगळं सुरळीत असेल तर घशातली नळी काही तासांत निघते.

रक्ताच्या बाबतीतही तेच. हार्टच्या पेशंटला हिमोग्लोबिन कमी पडू द्यायचं नाही, हे निवासी डॉक्टर पाठ करूनच पुढे जात. २०१७ साली निकाल आलेल्या ट्रिक्स-३ या चाचणीत जवळपास पाच हजार रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला हिमोग्लोबिन ७.५च्या खाली उतरल्यावरच रक्त. दुसऱ्याला थिएटर आणि आयसीयूत ते ९.५च्या खाली जाताच. मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा डायलिसिसपर्यंत गेलेलं मूत्रपिंड, यांपैकी काहीतरी ओढवलं ते पहिल्या गटात ११.४ टक्के आणि दुसऱ्यात १२.५ टक्के रुग्णांवर. म्हणजे आखडता हात घेऊन काही बिघडलं नाही, आणि पहिल्या गटातल्या जवळपास निम्म्यांना पिशवी लागलीच नाही. रक्तदाते गोळा करत रक्तपेढीशी ताटकळणारे नातेवाईक ज्याने पाहिलेत, त्याला या आकड्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

मग वायूची गोष्ट. सेवोफ्लुरेनसारखे भुलीचे वायू हृदयाच्या पेशींना कवच देतात, असं प्रयोगशाळा वर्षानुवर्षं सांगत होती. इटलीच्या लँडोनी यांच्या गटाने १३ देशांतले ५,४०० बायपासचे रुग्ण घेऊन वायूची भूल आणि निव्वळ शिरेतून दिलेली भूल यांची तुलना केली. २०१९मध्ये निकाल आला: वर्षभरातले मृत्यू २.८ टक्के आणि ३ टक्के. फरक नाही! काहींचा हिरमोड झाला असेल. अंगवळणी पडलेली पद्धत निर्धास्तपणे वापरायची मोकळीक मिळाली, हे मात्र खरं.

हात सैल सोडून फायदा झाल्याचं उदाहरणही याच लँडोनींचं आहे, आणि त्यातलं औषध म्हणजे जवळजवळ अन्नच. शस्त्रक्रियेच्या काळात शिरेतून अमिनो आम्लं दिली की मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह वाढतो. २०२४च्या चाचणीत ३,५११ रुग्ण होते. मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेले ३१.७ टक्क्यांवरून २६.९वर आले. मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही, म्हणून ढोल वाजवायला नकोत.

सर्वांत अवघड जागा आयसीयूतली दुसरी रात्र. एरवी शांत असणारे आजोबा नर्सला चोर समजतात, लाइन उपटू पाहतात. संशय जुना आहे: शस्त्रक्रियेच्या वेळी गुंगीसाठी दिलेल्या मिडाझोलमचा. उत्तर अमेरिकेतल्या २० रुग्णालयांनी आपलं धोरणच आलटून पालटून बदललं. काही आठवडे हे औषध शक्यतो टाळायचं, काही आठवडे नेहमीसारखं द्यायचं. साधारण वीस हजार रुग्णांचा हिशोब २०२५मध्ये आला: भ्रम झालेले १४ टक्के आणि १४.९ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक उतरला नाही.

तरीही सत्तरीच्या रुग्णाच्या ट्रेमध्ये मिडाझोलम ठेवायचं नाही, असं ठरवणारे भूलतज्ज्ञ आहेत, आणि त्यात चूक दिसत नाही. टाळून नुकसान झाल्याचं त्या चाचणीत आढळलं नाही. पण टेबलावर थरथरणारी, रक्तदाब चढलेली चाळिशीची बाई समोर आली, तर तोच माणूस एक मिलिग्रॅम भरून घेतो.