एंटर कुठे जातं?

एक्सेलमध्ये आकडा लिहून एंटर दाबलं की चौकट खालच्या ओळीत उतरते. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की ती दिशा आपल्याला बदलता येते हे बहुतेकांच्या गावीही नसतं. ऑफिसात इतकी वर्षं एक्सेल वापरूनही मी त्या वाटेला कधी गेले नव्हते. गरजच काय होती?

गरज बाबांमुळे पडली. बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मेंटेनन्सचा सगळा हिशोब त्यांच्याकडे. तीन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, डॉक्टरांनी कंपवात असं निदान केलं. स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना, तेव्हा वही सुटली आणि एक्सेल आलं. पण माउस म्हणजे त्याहून वाईट प्रकरण! बाण चौकटीवर नेईपर्यंत हात हलतो, क्लिक शेजारी पडतं, आणि चुकून कडेला धरून ओढलं गेलं तर आकडा उठून भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. कमिटीतल्या एकांनी "काका, आता आराम करा" असं अगदी प्रेमाने सुचवलं. बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवलेही कमीच.

मग माउस काढूनच ठेवला. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड. तिथे पहिलीच ओळ एंटरची आहे. 'डाउन'च्या जागी 'राइट' केलं. बाबांचे रकाने चार : तारीख, पावती, फ्लॅट, रक्कम. तेवढे चार रकाने आणि पंचवीस-तीस ओळी आधी निवडून ठेवायच्या (शिफ्ट दाबून बाणांनी). मग एंटरवर चौकट उजवीकडे सरकत जाते आणि चौथा रकाना संपला की आपोआप पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येते. मागे यायचं तर शिफ्ट-एंटर. मधे बाणाला मात्र हात लावायचा नाही, निवड सुटते. चारही रकाने आकड्यांचेच, त्यामुळे सगळं काम कीबोर्डाच्या उजव्या टोकाच्या नंबरपॅडवर होतं. तारखेची तिरकी रेघसुद्धा तिथेच आहे, आणि एंटर चांगलं दणदणीत मोठं.

बोट थरथरून ५००च्या जागी ५५००० पडायचे, त्यावर विंडोजमधलं 'फिल्टर कीज' सापडलं. पटापट पुन्हा दाबली गेलेली कळ ते मोजतच नाही. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की ते सुरू करायचं का, असं विचारतं.

एकदा हाक आली, "अगं, चौकट जागची हलत नाहीये, कागदच सरकतोय!" स्क्रोल लॉक दाबलं गेलं होतं. ते चालू असलं की बाणांनी चौकट न हलता अख्खी शीट सरकते. बाबांचं वर्णन मात्र मला कुठल्याही मदतपुस्तिकेपेक्षा आवडलं.

त्यांना मी व्हिजिकॅल्कची गोष्ट सांगितली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचं हे स्प्रेडशीट १९७९ साली ॲपल २ वर आलं. त्या कीबोर्डवर बाण दोनच, डावा आणि उजवा. वर-खाली जायचं तर आधी स्पेसबार दाबून त्याच बाणांची दिशा बदलायची! बाबा म्हणाले, "म्हणजे तेव्हापासून हे असंच चाललंय तर. कळा आहेत त्याच, वळवायच्या आपण."

मार्चअखेरचा हिशोब त्यांनी स्वतः पुरा केला. वेळ लागला, रोज अर्धा-पाऊण तास. पैशापैशाने जुळला. आराम करा म्हणणाऱ्यांनीच तो सभेत वाचून दाखवला.

ही एंटरची सेटिंग फाइलबरोबर प्रवास करत नाही, त्या त्या कॉम्प्युटरवरच राहते. परवा बाबा माझ्या लॅपटॉपवर काहीतरी बघायला बसले, दोनदा एंटर दाबलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुझं बिघडलंय वाटतं. खाली जातंय."