मात्सुशिताची हाक

पॅनासॉनिकचा टफबुक सीएफ-१८ हातात घेतला की आधी त्याच्या धातूचा गारवा जाणवतो. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं कवच, आणि १०.४ इंचांचा पडदा, जो गिरकी घेऊन उलटा मिटतो आणि पाटीसारखा हातात बसतो. धुळीपावसात काम करणाऱ्या माणसांसाठी घडवलेलं हे यंत्र. त्याच्यावर डेबियन लिनक्स टाकलं आणि सगळं सुरळीत चाललं, एक स्पर्श सोडून. बोट इथं टेकवावं, तर बाण भलतीकडेच जायचा.

हा पडदा आजच्या फोनसारखा नाही. वर लवचीक थर, खाली काच, दोन्हींवर वीजवाहक ऑक्साइडचा पारदर्शक लेप, आणि मधली फट राखणारे बारीक ठिपके. दाबलं की थर टेकतात आणि त्या जागी मिळणाऱ्या व्होल्टेजवरून ठिकाण कळतं. त्यामुळे नख चालतं, पेनाचं बोथट टोक चालतं, हातमोजा घातलेलं बोटही चालतं. नुसतं गोंजारून भागत नाही. मला हे फार आवडतं; या पडद्याशी वागताना हाताला ठाम राहावं लागतं.

टर्मिनलमध्ये एव्हटेस्ट हे स्पर्शाचे संकेत दाखवणारं साधन चालवलं. यादीत नाव आलं, फुजित्सु लाइफबुक टचस्क्रीन. पॅनासॉनिकच्या पोटात फुजित्सु! पेनाचं टोक काचेवरून डावीकडून उजवीकडे नेलं तसे एक्सचे आकडे सरसर बदलत गेले, उचललं की थांबले. काच शाबूत होती, चुकत होता तो हिशेब.

मग लिनक्सच्या कर्नलमधली, याच नावाच्या ड्रायव्हरची लाइफबुक डॉट सी ही फाइल वाचली. हा स्पर्श पीएस/२च्या वाटेनं येतो, म्हणून फाइल माउसच्या फोल्डरात आहे. वर वोयतेख पावलिक आणि केनान एसाउ यांची नावं, साल २००५. खाली यंत्रांचा तक्ता. बायोस यंत्राचं नाव सांगतं, ते तक्त्यात सापडलं तर हा ड्रायव्हर पुढे होतो. तिथे सीएफ-१८ आहे, आणि निर्माता म्हणून लिहिलंय मात्सुशिता. त्या कंपनीनं २००८ साली स्वतःचं नाव बदलून पॅनासॉनिक केलं. हे यंत्र अजून जुन्याच नावानं हाक मारतं, आणि कर्नल त्या हाकेला ओ देतं. कुणीतरी ती चार अक्षरं जपून लिहिली आणि नंतरच्यांनी ती पुसली नाहीत, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

उरलं ते जुळवणं. कॅलिब्रेटरनं दाखवलेल्या चार फुल्यांवर पेन टेकवलं की सरळ पडद्याचं काम झालं. पडदा फिरवला की मात्र चित्र वळतं, स्पर्श वळत नाही. त्यासाठी नऊ आकड्यांचं कोष्टक द्यावं लागतं. उजवीकडे वळवलेल्या पडद्यासाठी ० १ ०, मग -१ ० १, मग ० ० १. चित्र आणि कोष्टक एकदमच बदलेल अशी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

डेबियन १३ पासून ३२ बिटच्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर येत नाही. या पेंटियम एमवर डेबियन १२च राहील. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीवर मराठीत टीप लिहून ठेवली आहे, पुढं हे यंत्र ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी.