बदलीच्या गावातला कॅमेरा

पावसाळ्यात बदली झाली की सामान भिजतंच. ट्रकवर ताडपत्री कितीही ताणून बांधा, गाद्यांना वास येतोच. आई सरकारी नोकरीत असल्यामुळे हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. नव्या शाळेत जाईपर्यंत जून उलटलेला असायचा, बाकांवरच्या जागा वाटून झालेल्या असायच्या. मग खिडकीतून बाहेर बघत बसायचं. गाव आपलं नसलं की ते फार नीट दिसतं.

म्हणूनच असेल, ‘किल्ला’ मला तटस्थपणे बघता आला नाही. वडील गेलेले, आईची पुण्याहून कोकणात बदली झालेली आणि अकरा वर्षांचा चिन्मय त्या ओल्या, शेवाळलेल्या गावात येऊन पडलेला. सवंगडी त्याला किल्ल्यात एकटा टाकून निघून जातात, तेव्हा पाऊस असा कोसळतो की तटबंदीचे दगडसुद्धा परके वाटू लागतात. हा पाऊस सजावटीचा नाही. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच ज्युरीनं या सिनेमाला क्रिस्टल बेअर दिलं. कोकण न पाहिलेल्या मुलांना तो एकटेपणा बरोबर ओळखता आला, याचं मला नवल वाटत नाही.

दिग्दर्शक अविनाश अरुणचा हा पहिलाच सिनेमा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तो छायाचित्रण शिकला आणि ‘किल्ला’चा कॅमेराही त्यानं स्वतःच सांभाळला. पहिल्या सिनेमाचं एवढं कौतुक झालं की लोक लगेच विचारतात, दुसरा कधी? त्याचं उत्तर मात्र लांबत गेलं. २०१५च्या जून-जुलैत ‘किल्ला’, ‘मसान’ आणि ‘दृश्यम’ असे तीन सिनेमे पाठोपाठ लागले. पुढच्या दोन्हींचा छायाचित्रकार तोच होता. एकीकडे नीरज घायवानच्या ‘मसान’मधला बनारसचा घाट, दुसरीकडे निशिकांत कामतांच्या ‘दृश्यम’मधला गोवा. स्वतःचा सिनेमा गाजत असताना दुसऱ्याच्या गोष्टीसाठी प्रकाश लावायचा! आपल्याकडे अशा वर्षांना ‘मधला काळ’ म्हणून मोकळे होतात. मला तर खरी कमाई तिथेच दिसते.

मग मालिका आली. २०२०चं ‘पाताल लोक’ त्यानं प्रोसित रॉयबरोबर दिग्दर्शित केलं. मालिकेचं काम सिनेमापेक्षा वेगळं. तिथे लेखकाचा शब्द जड असतो, एपिसोडच्या शेवटी प्रेक्षकाला अडकवून ठेवावं लागतं, खिडकीबाहेर बघत बसायला सवड नसते. तरीही जयदीप अहलावतचा हाथीराम जीपमधून दिल्लीच्या कडेकडेनं फिरतो, तेव्हा त्याचा थकलेला चेहरा कथेपेक्षा जास्त सांगून जातो. २०२५च्या दुसऱ्या पर्वात अविनाशनं हाथीरामला थेट नागालँडला नेलं. पुन्हा परका मुलूख, पुन्हा भाषा न कळणारा माणूस. दिग्दर्शकाचं हाड बदलत नाही म्हणतात ते असं!

पण या दोन पर्वांच्या मध्ये ‘थ्री ऑफ अस’ आहे, आणि माझा जीव त्यातच अडकला आहे. भाषा हिंदी, मुक्काम वेंगुर्ला. स्मृती हळूहळू निसटत चाललेली शैलजा नवऱ्याला घेऊन लहानपणीच्या गावी येते. तिथे शाळेतला मित्र भेटतो, बँकेत मॅनेजर झालेला. हा मित्र अहलावतच! हाथीरामच्या त्या दणकट देहात इतका संकोच लपला असेल असं कुणाला वाटलं असतं? शेफाली शाह शाळेत, जुन्या घरात नुसती उभी राहते आणि कॅमेरा तिची घाई करत नाही. ‘किल्ला’तला मुलगा गावात पाऊल ठेवताना बुजलेला होता, ही बाई त्याच कोकणात, आठवायचं तेवढं आठवून घ्यायला आली आहे.

२०२३च्या नोव्हेंबरात हा सिनेमा थिएटरात लागला. पुढे फिल्मफेअरमध्ये अविनाशच्या वाट्याला पुरस्कार आला तो छायाचित्रणाचा. दिग्दर्शनाचा का नाही, म्हणून मी जरा चरफडलो. पण त्याच्याबाबतीत ही दोन कामं वेगळी काढायची कुठून, हे मलाही सांगता येणार नाही.