दोन घोट चहा

मी भूलतज्ज्ञ. घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यातल्या छोट्या नर्सिंग होममधून मला बोलावणं येतं. पेशंटची आणि माझी पहिली भेट होते ती बहुधा ऑपरेशनच्या तासभर आधी. तोवर संमतीच्या फॉर्मवर सही झालेली असते, तीही पुष्कळदा नवऱ्याची किंवा मुलाची.

गर्भाशय काढण्यासाठी आलेल्या पन्नाशीच्या एका बाईंनी मला पाहताच विचारलं, "कंबरेत सुई देणार ना? मग जन्मभर कंबर धरते म्हणतात." हा प्रश्न मी जवळजवळ रोज ऐकते. जन्मभराची कंबरदुखी त्या सुईने येत नाही. शंभरात एखादीला काही दिवस डोकं दुखतं. उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं. तेवढं सांगितल्यावर बाई जरा सैलावल्या.

"सकाळपासून काही घेतलंत?"

"काही नाही. उपाशीच आहे." मग सून हळूच म्हणाली, "दोन घोट चहा घेतला सातला."

बाई खोटं बोलत नव्हत्या. आपल्याकडे उपासाला चहा चालतो. "उपाशी या" एवढंच सांगून आम्ही मोकळे झालो होतो. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, दुधाच्या चहाला मात्र सहा तास जावे लागतात. कंबरेतली भूल पुरली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते, आणि तेव्हा पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जीवावर बेततं. त्यांची भीती सुईपाशी, माझी चहापाशी; फॉर्मवर मात्र दोन्ही एकाच ओळीत, बारीक इंग्रजी अक्षरांत.

सही कोणाची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी समीरा कोहली खटल्यात निकालात काढला. तपासणीला संमती दिलेल्या 44 वर्षांच्या बाईचं गर्भाशय, ती बेशुद्ध असताना, आईच्या होकारावर काढलं होतं. जीवाला तातडीचा धोका नव्हता. सज्ञान बाईच्या वतीने आईचा होकार चालणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तरीही कागद अजून नवऱ्यापुढेच सरकवला जातो, याचा मला राग येतो.

त्या दिवशी मी बाईंनाच सांगायला लावलं, काय कळलं ते. "पोटातला चहा छातीत जाईल, म्हणून थांबायचं," त्या म्हणाल्या. ऑपरेशन दुपारी दोनला ठेवलं. मुलाच्या सहीखाली त्यांनी मराठीत, सावकाश, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

ऑपरेशनच्या सकाळी घोटभर चहा घेतला गेला असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. कोणी रागावलं तरी सांगा. ऑपरेशन दुपारीही होतं.